हात सांगायचा राहून गेला

दाराच्या मागे एका पिशवीत बाकीच्या पिशव्या कोंबून ठेवायची सवय आपल्याकडे घरोघरी असते. मुद्दाम कुणी जमवत नाही, तरी त्या साठतातच. आमचे दवाखान्यातले किस्से असेच साठलेत. एक काढायला जावं तर त्याच्याबरोबर चार बाहेर येतात.

आता कॅन्सर म्हटलं की समोरचा माणूस हातातला चहाचा कप खाली ठेवतो आणि चेहरा पाडून बसतो. म्हणून आधीच सांगते, ऑपरेशन आणि केमोचे किस्से माझ्याकडे नाहीत. त्या दिवसांत हसण्यासारखं काही घडलं असलं तरी मला ते दिसलं नाही. किस्से सुरू झाले ते सगळं संपल्यावर, म्हणजे फॉलो-अपला. तेव्हा कप उचला आणि चहा प्या.

मी सुनंदा. साताऱ्याच्या स्टँडवर कंट्रोल रूममध्ये माझी सगळी नोकरी झाली. गाड्या पुकारायचं काम. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" म्हणणारी जी बाई असते ना, ती मी. दिवाळीच्या गर्दीत कुणाचं पोर हरवलं तर माझ्या एका आवाजात आईबाप धावत यायचे. रिटायर झाले आणि छातीत डाव्या बाजूला गाठ निघाली. नणंद सांगलीला असते, विश्रामबागला, म्हणून ऑपरेशन तिकडंच करून घेतलं.

डॉक्टर हुशार. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तसं कुणाला वाटणार नाही. त्यांनी मला वाचवलं. फक्त वाचवून झाल्यावर माझ्याकडे बघायचं सोडून दिलं.

आणि मला सांगायचं होतं तरी किती? ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. त्यानंतर काही महिन्यांनी डावा हात सुजायला लागला. सकाळी बरा असायचा, दुपारनंतर जड व्हायचा. बांगडी कोपराकडे सरकायची बंद झाली. एवढंच डॉक्टरांच्या कानावर घालायचं होतं. जन्मभर माईकवर बोललेल्या बाईला एक वाक्य बोलायचं होतं.

* * *

पहिल्या फॉलो-अपला आम्ही दोघं एसटीने निघालो. कराडपासून आष्ट्यापर्यंत मी ते वाक्य मनात घोकत होते. 'डॉक्टर, माझा डावा हात सुजतो.' पुढे 'काळजीचं काही आहे का' हे जोडायचं की नाही, यावर इस्लामपूरच्या स्टँडवर बराच विचार केला.

केबिनमध्ये गेलो. डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघत होते. कॉम्प्युटरकडेच बघत त्यांनी विचारलं, "काय, कशी आहे तब्येत?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात माझ्या शेजारून खणखणीत आवाज आला, "सब ठीक, साहेब!"

आमचे हे फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेत. खुर्ची दिली तरी डॉक्टरांसमोर बसत नाहीत. टाचा जुळवून उभे होते.

"व्हेरी गुड," डॉक्टर म्हणाले. "रिपोर्ट छान आहेत. तीन महिन्यांनी या."

आम्ही बाहेर. माझं "हात" हे केबिनच्या दाराने ऐकलं.

"अहो, मी बोलणार होते ना," मी म्हणाले.

"आगं, सायबानं इचारल्यावर रडगाणं लावतंय व्हय कोण? फौजेत सायब लायनीतनं फिरतो, कैसे हो म्हणतो, तवा एकच जवाब असतो. मला मलेरिया झालेला, अंगात ह्यो ताप, तरी सब ठीक म्हणालो आणि तितंच लायनीत आडवा झालो."

"मग?"

"मग काय? शुद्धीवर आलो तर सायब खाटंपाशी हुबा. कैसे हो म्हणाला. म्हणालो, सब ठीक, साहेब."

या माणसाबरोबर मी संसार केला.

* * *

पुढच्या वेळी दोष सगळा माझाच. सुजेमुळे ब्लाउजची डावी बाही चढेना. मी साताऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या शिंप्याकडे गेले आणि सगळ्या ब्लाउजच्या बाह्या कोपरापर्यंत करून घेतल्या. डावी सैल, उजवी बेताची, पण बघणाऱ्याला फरक कळायला नको अशी ताकीद देऊन. त्याने इतकं सफाईदार काम केलं की आरशात मलासुद्धा कळेना.

दवाखान्यात जायचं म्हणजे आपल्याकडे माणूस नीटनेटका होऊन जातो. घरी चार दिवस अंथरुणाला खिळलेला माणूसही डॉक्टरकडे जाताना दाढी करतो आणि इस्त्रीचा सदरा घालतो. मीही नारायणपेठ नेसले, पावडर लावली, सांगलीत उतरल्यावर गजरा नणंदेने घातला. पदर डाव्या हातावरून असा घेतला की हात म्हणून काही दिसूच नये. सवयच झाली होती. आमच्या गल्लीतल्या बायकांची नजर फार तेज आहे.

त्या दिवशी नशीब असं की डॉक्टरांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा.

"वा मावशी," म्हणाले, "लग्नाला निघालात की काय? अशाच राहा. तीन महिन्यांनी या."

परतीच्या गाडीत मी कासेगाव येईपर्यंत बडबडत होते की या माणसाला साधा सुजलेला हात दिसत नाही. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दिसू ने म्हणून शिंप्याला पैसं कुनी दिलं?"



* * *

तिसऱ्या वेळी मी युक्ती केली. नंबर जवळ आल्यावर ह्यांना म्हणाले, "तुम्ही भडंग खाऊन या जा." सांगलीत भडंग म्हटलं की आमचे हे सगळे मोर्चे सोडतात. गेले. मी एकटी केबिनमध्ये.

"डॉक्टर, माझा डावा हात सुजतो."

बोलले! एका दमात बोलले. माझं मलाच नवल वाटलं. डॉक्टर टाइप करत होते. करता करता म्हणाले, "बरोबर कोण आहे?"

"मिस्टर आहेत. बाहेर."

"बोलवा त्यांना."

ह्यांना शोधायला वॉर्डबॉय गेला. हे धावत आले, मिशीला कुरमुरा. टाचा जुळवल्या. मी दोघांच्या मधल्या खुर्चीत बसले होते.

डॉक्टर माझ्या डोक्यावरून ह्यांना म्हणाले, "बाईंना सांगा, धुणं-भांडी जास्त करायची नाहीत. हाताला ताण नको."

"येस सर!" म्हणून हे माझ्याकडे वळले आणि त्याच आवाजात म्हणाले, "धुणं-भांडी जास्त करायची न्हाईत."

"तीन महिन्यांनी या," डॉक्टर म्हणाले.

आता आमच्या घरची गोष्ट सांगते. ऑपरेशन झाल्या दिवसापासून आमच्याकडे भांडी हे घासतात. धुणंही तेच धुतात. भांडी तर कुकरची शिट्टी वेगळी काढून, ब्रशने. माझ्याकडून भांड्याला हात लागला तर ओरडतात.

गाडीत मी विचारलं, "भांडी तुम्ही घासता हे डॉक्टरांना का नाही सांगितलं? मग त्यांना कळलं असतं ना, की सूज भांड्यांनी नाही."

हे खिडकीतून उसाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "हवालदार मानूस भांडी घासतो, ह्ये सायबाला सांगू?"

म्हणजे त्यांच्या अब्रूसाठी माझ्या हाताचं निदान चुकलं.

* * *

फॉलो-अपचा वार ठरलेला असतो, त्यामुळे बाकड्यावर तीच तीच माणसं भेटतात. फलटणचे बापू आणि औंधच्या शालनआक्का आमच्या बाकड्यावरचे कायमचे.

बापू ऊसवाले. त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालंय, तेही याच डॉक्टरांनी केलेलं. आता आवाज म्हणजे नुसती हवा, कान जवळ नेला तरच कळतं. बापू येताना दर वेळी डॉक्टरांसाठी घरच्या गुळाची ढेप आणतात. माणसाने जीव वाचवला, त्याच्याकडे रिकाम्या हाताने जायचं कसं, हा त्यांचा सवाल. डॉक्टरांना स्वतःला शुगर आहे. ढेप दर वेळी वॉर्डबॉयच्या घरी जाते.

एकदा दार उघडं होतं म्हणून आतलं सगळं बाकड्यावर ऐकू आलं. बापू काहीतरी सांगत होते आणि डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघत म्हणत होते, "मोठ्याने बोला, बापू. जरा मोठ्याने. मला ऐकू येत नाही."

बापू थांबले. मग खुर्चीवरून उठून टेबलाला वळसा घालून डॉक्टरांच्या कानाशी गेले. काय म्हणाले ते त्यांनीच बाहेर आल्यावर आम्हाला सांगितलं.

"म्हनलं, सायब, आवाज तुमीच काडून ठिवलाय. कुटं ठिवलाय त्येवडं सांगा."

शालनआक्का माझ्यासारख्याच, त्यांचीही डावी बाजू. पण त्यांना भीड नाही. एकदा त्या केबिनमधून बाहेर आल्या त्या हसतच, चेहरा नुसता उजळलेला. आम्ही विचारलं, काय झालं?

"डाक्टरनं आज मला जेवान झालं का म्हून इचारलं. मी म्हनलं, झालं की. बाजरीची भाकरी, वांगं, वर ताक. तर म्हनतो, गोळी घेतलीस का? म्हनलं, घेतली. तर म्हनतो, दुपारी जरा पडून ऱ्हा, लय दगदग करू नगंस."

"मग? हाताचं सांगितलं का?" मी विचारलं. कारण सूज त्यांनाही होती.

"सांगनार हुते, तर बोट वर क्येलं, थांब म्हून. कानात त्ये बटान असतंय बगा, फोनचं. बायकूशी बोलत हुता."

आम्ही हळहळलो. आक्कांना त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

"आसूंदे की," म्हणाल्या. "माज्याशी येवडं ग्वाड माजा मालक बी कवा बोलला न्हाई."

* * *

मग ह्यांनी ठरवलं की आपण सराव करायचा. फौजेत म्हणे रिहर्सलशिवाय काहीच होत नाही. स्वयंपाकघरात हे डॉक्टर झाले. पाटावर बसले, हातात मोबाईल घेतला आणि त्यात बघत म्हणाले, "काय, कशी आहे तब्येत?"

मी म्हणाले, "डॉक्टर, माझा डावा हात सुजतो."

"व्हेरी गुड. तीन महिन्यांनी या."

"अहो!"

"मी काय करू? त्यो तसंच म्हनतो न्हवं?"

पुन्हा केलं. पुन्हा व्हेरी गुड. तिसऱ्यांदा मी लाटणं माईकसारखं धरून बोलले, तेव्हा कुठे आवाज नीट निघाला. हे हसायला लागले. मीही हसले. हसता हसता कसं कोण जाणे, मला रडू फुटलं.

ह्यांनी मोबाईल बाजूला ठेवला. "आगं, मग खरं सांगायचं तरी काय हाय तुला? हात सुजतो, त्ये कळलं. म्होरं?"

म्होरं म्हणजे मी जे कुणालाच बोलले नव्हते ते. रोज सकाळी आंघोळीला बसले की मी पहिला डावा हात उजव्याशेजारी धरून बघायची. जाड दिसला की तो दिवस माझा गेला. भाजी चिरताना, टीव्ही बघताना, डोक्यात एकच.

"परत आला असला तर?" मी म्हणाले.

ओट्यावर सकाळची भांडी निथळत होती, ती हे उठून पुसायला लागले. सगळी पुसून झाल्यावर माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाले, "आता सब ठीक म्हननार न्हाई मी."

पुढच्या वेळी सांगलीला गेलो. डॉक्टर कॉम्प्युटरला म्हणाले, "काय, कशी आहे तब्येत?"

"सब ठीक, साहेब!"

बोलून झाल्यावर ह्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. पण गोळी सुटली होती. आणि माझी जीभ काय करत होती म्हणाल, तर तीही टाचा जुळवून उभी होती.

बाहेर आल्यावर हे जिन्यापर्यंत माझ्याशी नजर मिळवेनात. मी म्हणाले, "चला, भडंग खाऊ." तर तेही नको म्हणाले. तेव्हा मात्र मला त्यांची कीव आली.

* * *

आणि आता माईकची गोष्ट.

गेल्या फॉलो-अपला गेलो तर दवाखान्यात नवीन पद्धत सुरू झाली होती. काउंटरवर माईक, भिंतीवर स्पीकर, प्रत्येकाला टोकन. रेश्मा सिस्टर नंबर पुकारणार आणि त्याप्रमाणे एकेकाने आत जायचं. पण त्या दिवशी रेश्मा सिस्टरचा घसा पूर्ण बसला होता. त्या पुकारत होत्या आणि कुणालाच कळत नव्हतं. भलतेच लोक आत जात होते, आतून डॉक्टर चिडत होते, स्पीकरमधून नुसती खरखर येत होती. शेजारी बसलेले बापू मला म्हणाले, "ही माज्या पार्टीतली दिसती."

रेश्मा सिस्टरला माझी नोकरी माहीत होती. त्यांनी हाताने मला बोलावलं. खुणेनेच विचारलं, जरा पुकारता का?

मी काउंटरच्या मागे जाऊन बसले. माईकची मान माझ्याकडे वळवली, बोटाने टकटक केलं. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच माझी पाठ आपोआप ताठ झाली.

"कृपया लक्ष द्यावे. फलटणहून आलेले बापू यांनी केबिन क्रमांक एककडे प्रस्थान करावे."

सगळा हॉल गप्प झाला. कोपऱ्यातला एक माणूस डुलकी घेत होता, तो दचकून उठला, पिशवी काखेत मारली आणि थेट दाराकडे निघाला. त्याला गाडी लागलीशी वाटली. दोघांनी धरून परत बसवला.

तासाभरात सगळी गर्दी रांगेला लागली. मी नंबर सोडून गावाच्या नावानेच पुकारत होते. तासगाव, विटा, औंध, जत. कुणी उठून चुकीच्या दारात गेलं नाही. तपासून झालेले बापू आणि शालनआक्काही माझं पुकारणं ऐकत बाकड्यावर थांबले होते. रेश्मा सिस्टर खुर्चीला टेकून गरम पाणी पीत होत्या. बाकड्यावरून आमचे हे असे बघत होते की मला लग्नाच्या आधीचे दिवस आठवले. तेव्हा सुट्टीवर आले की हे कुठेही जायचं नसताना स्टँडवर येऊन बसायचे.

मग पुढचं टोकन हातात घेतलं तर ते माझंच होतं.

उठून आत जायचं एवढंच करायचं होतं. आत कॉम्प्युटर असणार, व्हेरी गुड असणार, तीन महिने असणार. मी टोकन बघितलं. माईक बघितला. आणि सरळ पुकारायला सुरुवात केली.

"कृपया लक्ष द्यावे. साताऱ्याहून आलेल्या पेशंट सुनंदा यांचा डावा हात ऑपरेशननंतर सुजलेला आहे. सदर हात प्रत्येक फेरीला सांगायचा राहून गेलेला आहे. घरी धुणं-भांडी मिस्टर करतात, याची नोंद घ्यावी. आजार परत आला की काय, अशी पेशंटला भीती वाटते. तरी डॉक्टरांनी कृपया कॉम्प्युटर सोडून हाताकडे बघावे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

आणि सवयीप्रमाणे सगळं पुन्हा एकदा पुकारलं. स्टँडवर प्रत्येक गाडी दोनदाच पुकारतात.

केबिनचं दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले. आम्ही त्यांना कायम बसलेलंच पाहिलं होतं. उभे राहिल्यावर ते इतके बुटके असतील असं कुणालाच वाटलं नव्हतं.

"कोणाचा हात?" त्यांनी विचारलं.

मी काउंटरमागून डावा हात वर केला. तो पूर्ण वर जात नाही, जेवढा जातो तेवढा केला. तेवढ्यात बाकड्यावरून शालनआक्कांचा हात वर झाला. मग त्यांच्या मागे बसलेल्या एका बाईचा, तिला आम्ही ओळखतही नव्हतो. मग खिडकीजवळच्या आणखी एकीचा. बापूंनीही हात वर केला होता.

"माजा घसाच हाय," ते शेजारच्या माणसाच्या कानात म्हणाले म्हणे, "पर लायनीत घ्या म्हनावं."

डॉक्टरांनी सगळे हात पाहिले. मग सवयीने ते आमच्या ह्यांच्याकडे वळले.

"काय हो हवालदार, सगळं ठीक आहे ना?"

हे उठले. टाचा जुळल्या. मी डोळे मिटून घेतले.

"साहेब," हे म्हणाले, "हात तिचा हाय. तिलाच इचारा."

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. डॉक्टर काउंटरपाशी आले, अगदी समोर, आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "बोला मावशी. काय होतंय?"

इतके दिवस मी ज्याची वाट बघत होते ते हेच. माईक अजून चालू होता. आणि माझ्या तोंडून सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं निघालं, "काही नाही डॉक्टर, बरं आहे."

हात मात्र मी खाली घेतला नाही.